ठकीच्या हातात जेसीबी

आमच्या घरासमोरचा रस्ता रुंद करायला घेतला आणि आमच्या साडेतीन वर्षांच्या नातीचं अंगणवाडीतलं लक्षच उडालं. सकाळी नऊला जेसीबी घरघरत आला, की ही बाई ओट्यावर हजर! हातातलं बिस्किट मऊ पडून गळतंय, तिकडे लक्ष नाही. दुपारी जेवताना मला करून दाखवायची. खांदा पुढे काढायचा, कोपर वाकवायचं, मग मनगट आत वळवून भाताचा घास उचलायचा. "आजी, तो अशी माती जेवतो." मी आजवर शेकडो वेळा जेसीबी पाहिला असेल. पण त्याच्या मागच्या हाताला खांदा, कोपर आणि मनगट असे तीन सांधे असतात, हे मला त्या भाताच्या घासानं शिकवलं.

मग तिचा वाढदिवस आला. पाहुण्यांनी मायेनं भेटी आणल्या. तीन किचन सेट, दोन बाहुल्या आणि एक मेकअपची गुलाबी पेटी. जाऊबाईंचा नातू मात्र स्वतःचा पिवळा जेसीबी काखेत मारून आला होता. पुढे काय झालं ते तुम्हाला सांगायला नकोच. केक बाजूला राहिला आणि दोघांची ओढाताण सुरू झाली. ही रडून लाल, तो ओरडून लाल. जाऊबाई हसत म्हणाल्या, "पोरीच्या जातीला कशाला हवाय गं जेसीबी? उद्या काय रस्त्यावर खडी फोडायला जाणार आहे?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण रात्री ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण समोरच्या रस्त्यावर खडी-मातीची घमेली डोक्यावरून कोण वाहत होतं? बायकाच! दोघी-तिघींची लेकरं झाडाला बांधलेल्या झोळीत होती. रस्त्याच्या कामावर बाई पूर्वीपासून आहेच. ती नसते ती फक्त मशीनच्या सीटवर. जास्त मजुरीचं, सावलीतलं, शिकून करायचं काम पुरुषाचं आणि उन्हातलं घमेलं बाईचं. म्हणजे आपण मुलींना रस्त्याच्या कामापासून दूर ठेवत नाही, फक्त त्यातल्या बऱ्या जागेपासून दूर ठेवतो. हे जाऊबाईंना त्याच वेळी सुनवायला हवं होतं. पण मला अशी उत्तरं नेहमी रात्रीच सुचतात.

दुसऱ्या दिवशी बाजारपेठेत गेले. "लहान मुलांचा जेसीबी दाखवा हो." दुकानदारानं चटकन खोकं काढलं. "किती वर्षांचा आहे बाबू?" म्हटलं, "बाबू नाही, मुलगी आहे." त्यानं हातातलं खोकं पुन्हा फळीवर ठेवलं आणि बाहुलीचं घर काढायला वळला! बिचाऱ्याचा तरी काय दोष? वर्षानुवर्षं आपणच त्याला ही सवय लावली. तुळशीबागेतून येताना मुलीला भातुकली आणि मुलाला ट्रक, असाच आपला हिशेब ठरलेला. भातुकलीवर माझा राग नाही हं. मी स्वतः पितळी भातुकलीवर वाढले. पण एकीकडे चूल-पोळपाट आणि दुसरीकडे सगळं जग, ही वाटणी काही बरोबर नाही.

यावरून एक गोष्ट सांगते. इंग्लंडमध्ये जॅक ओडेल नावाचे एक इंजिनिअर होते. त्यांच्या मुलीच्या शाळेचा नियम असा, की काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं वर्गात आणायचं. म्हणून त्यांनी लेकीसाठी एक इटुकलं पितळी वाहन बनवलं. कोणतं असेल? रोड रोलर! शाळेतल्या मुलांना ते एवढं आवडलं, की त्यातून १९५३ साली 'मॅचबॉक्स' या जगप्रसिद्ध छोट्या गाड्या जन्माला आल्या. त्यातल्या पहिल्या तीन म्हणजे रोड रोलर, डंपर आणि सिमेंट मिक्सर. थोडक्यात, बांधकामाच्या ज्या खेळण्यांना आज आपण डोळे मिटून 'मुलांची' म्हणतो, त्यांच्या मुळाशी एक मुलगी आहे.

आता मूळ मुद्द्यावर येते. गाडी घ्यायची तर कोणती घ्यायची? आधी आमच्या घरी झालेला घोळ सांगते, म्हणजे मी इतकी खोलात का शिरले ते कळेल. वाढदिवसाची रडारड बघून नातीच्या काकानं जत्रेतल्या गाड्यावरून एक पिवळा डंपर आणून दिला. साठ रुपयांचा. पोर खूश. संध्याकाळी बघते तर डंपरला तीनच चाकं. चौथं कुठे गेलं म्हणून घरभर शोधाशोध. सूनबाईचं लक्ष सहज लेकीच्या गालाकडे गेलं. एक गाल फुगलेला! चाक तोंडात धरून बाईसाहेब शांत बसल्या होत्या. "थुंक गं राणी" म्हटल्यावर तिनं ते हातावर काढून दिलं म्हणून निभावलं. तेच घशात गेलं असतं तर? तालुक्याच्या गावातून मोठ्या दवाखान्यात पोचायला आम्हाला तासभर लागतो. शिवाय चाकाबरोबर तिच्या ओठाला पिवळा रंगही लागला होता.

मी पहिल्यांदा खेळण्यांच्या कायद्यात डोकं घातलं ते त्या रंगामुळे. चकचकीत पिवळा रंग मिळवण्याचा एक जुना आणि स्वस्त मार्ग म्हणजे लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचं संयुग. हळदीत भेसळ करणारे वापरतात तेच. शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असतं आणि अमुक इतकं चालेल अशी त्याची सुरक्षित मर्यादा नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. प्रत्येक पिवळ्या खेळण्यात शिसं असतं असं मी म्हणत नाही. पण खेळणी तोंडात घालायच्या वयाच्या मुलांसाठी आपण नेमकी पिवळीधमक वाहनं घेतो, तेव्हा रंग कसला आहे ते विचारायलाच हवं.

ही भीती काही आजची नाही. २००७ साली मॅटेल या बड्या अमेरिकन कंपनीला चीनमध्ये बनवून घेतलेली लाखो खेळणी शिशाच्या रंगामुळे परत घ्यावी लागली होती. जानेवारी २००९मध्ये आपल्या सरकारनं चिनी खेळण्यांवर सहा महिन्यांची बंदी घातली. ती लवकरच सैल झाली आणि गाडा पुन्हा पूर्वीसारखाच सुरू राहिला. २०१९ साली भारतीय गुणवत्ता परिषदेनं दिल्ली परिसरातल्या बाजारातून आयात खेळण्यांचे नमुने घेऊन तपासले, तर सुमारे ६७ टक्के नापास! त्यानंतर मात्र सरकार हललं. फेब्रुवारी २०२०मध्ये खेळण्यांवरचा आयातकर २० टक्क्यांवरून एकदम ६० टक्के झाला, २०२३ साली ७० टक्के. आणि १ जानेवारी २०२१पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची झाली. बाटलीबंद पाण्यावर किंवा गॅसच्या शेगडीवर आपण शोधतो, तीच खूण. खेळणं देशी असो की परदेशी, नियम सारखाच.

याचा परिणाम झाला हे मान्य करायला हवं. २०१४-१५च्या तुलनेत २०२२-२३मध्ये खेळण्यांची आयात ५२ टक्क्यांनी घटली आणि निर्यात २३९ टक्क्यांनी वाढली, असं सरकार सांगतं. २०२५च्या अर्थसंकल्पात तर भारताला खेळण्यांचं जागतिक केंद्र बनवण्याची योजना जाहीर झाली. ऐकायला छान वाटतं. पण जत्रेतल्या त्या साठ रुपयांच्या डंपरवर खूण कुठे होती? मी मुद्दाम आमचा आठवडी बाजार पालथा घातला. हातगाडीवरच्या एकाही नगावर मला ती दिसली नाही. पक्क्या दुकानांत काही खोक्यांवर होती, काहींवर नव्हती. विचारलं तर म्हणाले, "ताई, सगळा माल एकाच ठिकाणाहून येतो हो."

आपल्या लहान गावांचं दुखणं हेच आहे. कायदा दिल्लीत होतो, धाडी पडल्या तर मोठ्या शहरांतल्या मॉलमध्ये आणि विमानतळांवर पडतात. खुणेशिवायचा उरलेला माल मग उतरतो कुठे? मला वाटतं, तो जत्रेत आणि आठवडी बाजारात, आपल्याच पोरांसमोर उतरतो. शिवाय खूण मिळवायची तर कारखानदाराला तपासणीचा खर्च येतो, तो किमतीत लागतो. म्हणजे ज्या घराला चारशेचा जेसीबी परवडतो त्या घरातलं मूल सुरक्षित, आणि साठ रुपयेच खिशात असलेल्या घरातलं मूल देवाच्या भरवशावर. समोरच्या रस्त्यावर झोळीत झोपलेल्या लेकराच्या हातात कोणतं खेळणं येणार, ते सांगायला ज्योतिषी नको.

आणखी एक बाजू आहे, तीही आपल्याच बायकांची. बचत गटात कापडी खेळणी शिवणाऱ्या मैत्रिणींनाही हाच नियम लागू होतो. सरकारी हस्तकला आयुक्तालयाकडे नोंद असलेल्या कारागिरांना सूट आहे. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी बनवतात, तसल्या हातकामाला त्यातून वाट मिळते. पण नोंद करावी लागते, हे आपल्या किती गटांना ठाऊक आहे? नुसता नियम काढून भागत नाही, गावोगाव कुणीतरी तो समजावून सांगायला हवा.

तोवर तपासणी आपणच करायची. खोक्यावर किंवा खेळण्यावर आयएसआयची खूण बघा. साध्या खेळण्यासाठी तिच्या डोक्यावर आयएस ९८७३ असा आकडा असतो, बॅटरीच्या खेळण्यासाठी आयएस १५६४४. खाली सीएम/एल अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो नुसता छापलाय की खरा आहे, हे भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल अॅपवर टाकून बघता येतं. मला हे अॅप आमच्या दहावीतल्या पुतण्यानं उतरवून दिलं. दुकानात उभ्या उभ्या क्रमांक टाकला तेव्हा दुकानदार जरा चपापला, पण खरं सांगते, मजा आली!

खूण असली तरी वय बघायचंच. अगदी हुबेहूब दिसणाऱ्या धातूच्या गाड्या असतात ना, आरसे, वायपर, शिडी, सगळं जिथल्या तिथे? त्या बऱ्याचदा हौशी लोकांनी कपाटात मांडायच्या असतात. तीन वर्षांच्या मुलासाठी तो इवलासा आरसा म्हणजे गिळायची गोळी. लहान मुलांच्या खेळण्यांची तपासणी होते, तेव्हा सुटा भाग साधारण सव्वा इंच रुंदीच्या नळकांड्यात मावतो का ते बघतात. मावला तर तीन वर्षांखालच्या मुलाला ते खेळणं चालत नाही. घरी पट्टी असतेच. चाक, बकेट, हेडलाइट, ड्रायव्हरचा छोटा बाहुला, जे जे ओढून निघेल ते मोजा. आणि दुकानातच चाक जरा जोर लावून ओढून बघा. लाजायचं कशाला? आपण वांगीसुद्धा दाबून घेतो.

बॅटरीबद्दल मात्र मी कडक आहे. बटणासारखे चपटे सेल ज्यात असतात, त्याचं झाकण स्क्रूनं बंद असायलाच हवं. नुसतं नखानं उघडत असेल तर ती गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका. असा सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजल्यासारखी जखम करतो. तशी शंका जरी आली तरी उलटी करवत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा आणि एक्स-रे काढायला सांगायचं.

तसंही दिव्यांच्या आणि गाण्यांच्या गाड्या मला पटत नाहीत. बटण दाबलं की ती स्वतःच गरागरा फिरते, हिंदी गाणं वाजवते, आणि मूल नुसतं बघत राहतं. मग खेळलं कोण? मूल की गाडी? खरा जेसीबी कधी गाणं म्हणताना कुणी पाहिलाय का?

'हुबेहूब' शब्दाचा माझा अर्थ मग असा ठरला. गाडी दिसायला नव्हे, वागायला खरी हवी. डंपरचा हौदा पुढून उचलला जावा आणि मागचं फळकं उघडून माती सांडावी. मिक्सरचा ड्रम फिरावा. रोलरचं चाक ओल्या मातीवर खरंच दाब देऊन जावं. आणि जेसीबीच्या मागच्या हाताला खांदा, कोपर, मनगट, तिन्ही सांधे असावेत. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त जेसीबींना एकच सांधा असतो. तो हात माती उचलतच नाही, नुसता खाली-वर सलाम ठोकतो! ज्या मुलानं खरं मशीन तासन्‌तास पाहिलंय, त्याला हे लगेच कळतं आणि ते खेळणं दोन दिवसांत कॉटखाली जातं. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी फूटभर लांबीची, जाड प्लॅस्टिकची, मोजक्या सांध्यांची गाडी बरी. मातीत लोळते, नळाखाली धुता येते. बारीक तरफांची गाडी पाच-सहा वर्षांनंतर.

आणि मुलांशी बोलताना शब्दही खरे वापरा. पोरांना ते आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतात. गंमत अशी, की हे सगळे शब्द मुळात कंपन्यांचे. जेसीबी म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज कारखानदाराची आद्याक्षरं. साखळीच्या पट्ट्यावर चालणारा तो पोकलेन, ते एका फ्रेंच कंपनीचं नाव. आणि मोठ्या डंपरला आपले ड्रायव्हर 'हायवा' म्हणतात, ती हौदा उचलणारा दट्ट्या बनवणारी नेदरलँडची कंपनी. नातीला मी सगळ्याला जेसीबीच म्हणून दाखवलं, तर मलाच दुरुस्त करते, "आजी, तो पोकलेन!"

ज्यांना विकतचं परवडत नाही त्यांनी काय करायचं? आपण काय करत होतो? ज्वारीच्या धाटांची बैलगाडी, जुन्या स्लिपरची गोल चाकं कापून डब्याला लावलेला ट्रक, काडेपेट्यांची आगगाडी. पुण्यात अनेक वर्षं मुलांसाठी टाकाऊतून खेळणी करणारे अरविंद गुप्ता मूळचे आयआयटीचे इंजिनिअर. टेल्कोच्या कारखान्यात ट्रक बनवायच्या कामावर होते. ते सोडून त्यांनी काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीपासून खेळणी करायला घेतली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. थोडी मोठी मुलं असतील तर पुठ्ठ्याचा जेसीबी घरी होतो. सुया काढून टाकलेल्या नव्या सिरिंज आणायच्या, दोन-दोन सिरिंज सलाइनच्या नळीसारख्या बारीक नळीनं जोडायच्या, आत पाणी भरायचं. इकडचा दट्ट्या दाबला की तिकडचा बाहेर येतो आणि पुठ्ठ्याचा हात वाकतो. खऱ्या मशीनमध्ये पाण्याऐवजी तेल असतं, एवढाच फरक. सातवीतल्या मुलीला हे एकदा करू द्या, विज्ञानाच्या पुस्तकातला दाब तिला पाठ करावा लागणार नाही.

हे लिहिताना मला साताऱ्याच्या सुरेखा यादव आठवतात. आशियातली पहिली महिला रेल्वेचालक म्हणून त्यांचं नाव घेतात. ३६ वर्षांच्या नोकरीनंतर सप्टेंबर २०२५मध्ये त्या निवृत्त झाल्या. म्हणजे त्या इंजिनात चढल्या तेव्हा आपल्यातल्या कितीतरी जणी शाळेत होत्या. आणि आमच्या गावातला दुकानदार अजून बाबूचं वय विचारतोय!

तर शेवटी आमचा जेसीबी आला. चारशे वीस रुपये. खूण बघून, क्रमांक टाकून, चाकं ओढून, आणि "मुलीसाठीच हवाय" असं दुकानात दोनदा सांगून. तिन्ही सांधे होते. नात आणि जाऊबाईंचा नातू दोघांनी मिळून तुळशीवृंदावनामागची सगळी माती उकरून ठेवली. जाऊबाईंनी फक्त, "कुंड्या सांभाळ गं" एवढंच म्हटलं.

परवा समोरच्या खऱ्या जेसीबीचा ऑपरेटर पाणी मागायला ओट्यावर आला. जतकडचा पोरगा, विशी-बाविशीचा. पाणी पिता पिता त्यानं खाली पडलेलं खेळणं उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "आज्जी, मागचं बकेट उलटं बसलंय. दात आपल्याकडं पायजेत. असं कसं उकरंल ते?" नखानं खीळ दाबून त्यानं बकेट काढलं, फिरवलं आणि बसवून दिलं. ते निघतं हे मला कळलंच नव्हतं. लगेच पट्टी काढून मोजलं. सव्वा इंचाहून मोठं होतं, हुश्श!

नात एकटक त्याच्याकडे बघत होती. म्हणाली, "काका, तुझ्या मशीनमध्ये मी बसू?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी सूनबाईकडे बघितलं. "इंजिन बंद करून बसव हो," सूनबाई म्हणाली, आणि लेकीला चपला घालायला वळली.